पिक्चर कसा वाटला?

सोमवारची सकाळ. परिपाठ संपवून मुलं वर्गात आली, की आमच्या चौथीत पहिली पाच मिनिटं कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. रविवारी कुणी टीव्हीवर पिक्चर पाहिलेला असतो, कुणी काकाच्या मोबाइलवर, तर एखादा नशीबवान थेट अहिल्यानगरला नाहीतर बारामतीला जाऊन मोठ्या पडद्यावर पाहून आलेला असतो. मग त्याचा थाट काय विचारता! दप्तर खाली ठेवायच्या आधीच तो सुरू होतो.

"लय भारी पिक्चर हाय!"

"काय भारी आहे त्यात?" मी विचारतो.

"लय भारी हाय, सर!"

"अरे पण काय?"

"सगळंच!"

बालमित्रांनो, हसू नका. तुम्हीही असंच सांगता आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही असंच सांगतात. एसटीत, पारावर, लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, जिथं चार माणसं जमतात तिथं पिक्चरचा विषय निघतोच. "एकदम मस्त!" नाहीतर "पैसे वाया गेले!" एवढ्यावर निकाल लागतो. पण पिक्चर कसा वाटला हे नीट सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. ते मी कसा शिकलो, त्याचीच ही गोष्ट. त्यातला मोठा धडा मला माझ्याच वर्गातल्या एका मुलानं दिला.

पडद्याच्या दोन बाजू

आधी माझ्या लहानपणचा किस्सा सांगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्याकडं गणपतीच्या दिवसांत चौकात पडदा लागायचा. दोन बांबू रोवायचे, मधे पांढरंशुभ्र कापड ताणून बांधायचं आणि समोर मशीन ठेवायचं. संध्याकाळपासूनच पोरं पोती, गोणपाट, घोंगडी टाकून जागा धरायची. पडद्यासमोरची जागा भरली, की उशिरा येणारे पडद्याच्या मागं जाऊन बसायचे. कापड पातळ असल्यामुळं चित्र मागूनही दिसायचं. फक्त एक गंमत व्हायची, मागून सगळं उलटं दिसायचं. पाटीवरची अक्षरं उलटी, उजवीकडची मोटार डावीकडं आणि हिरो चक्क डावखुरा!

एकदा मी समोर बसलो होतो आणि माझा दोस्त मागं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर आमची जुंपली. मी म्हणालो, हिरोनं उजव्या हातानं गुंडाला लोळवला. तो म्हणाला, डाव्या हातानं. मी म्हणालो, तू झोपला होतास. तो म्हणाला, तूच झोपला होतास. प्रकरण पाट्या फेकण्यापर्यंत गेलं. शेवटी वाटेत भेटलेल्या एका आजोबांनी दोघांचे कान धरले आणि म्हणाले, "पुढच्या पिक्चरला जागा बदलून बसा, मग भांडा."

आम्ही खरंच जागा बदलल्या आणि भांडण तिथंच मिटलं. दोघांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं, फक्त बसायच्या जागा वेगळ्या होत्या.

हा किस्सा मी वर्गात कितीदा तरी सांगितला असेल. पण त्याचा अर्थ मला स्वतःलाच पुरता कळला नव्हता, हे पुढं ध्यानात आलं.

ऐकीव मत, पारखलेलं मत

सिनेमा आपल्या देशात पहिल्यांदा आला ७ जुलै १८९६ रोजी. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट होतं एक रुपया, म्हणजे त्या काळी गरिबाच्या आवाक्याबाहेरचं. त्यात स्टेशनात येणाऱ्या आगगाडीचं चित्र होतं. पॅरिसमध्ये हे चित्र पाहून लोक गाडी अंगावर येईल म्हणून पळत सुटले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मजेशीर आहे खरी, पण तिला भक्कम पुरावा नाही, असं अभ्यासक म्हणतात. एकानं सांगितली, दुसऱ्यानं तिखटमीठ लावलं आणि ती जगभर फिरली. पिक्चरबद्दलची ऐकीव मतंही अशीच फिरतात. "तो पिक्चर बेकार आहे" असं ठासून सांगणाऱ्याला जरा विचारा, "तू पाहिलास का?" दहातले निम्मे म्हणतील, "नाही, पण सगळे म्हणतात."

पुढं आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं होतं, कारण सिनेमात काम करायला तेव्हा बायका मिळत नव्हत्या. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही! पडद्यावर राम दिसला, की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून हात जोडायचे असं सांगतात. त्यांनी तोंडानं काही म्हटलं नसेल, पण हात जोडणं हेही एक मतच झालं.

पुण्याच्या प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' घ्या. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला होता आणि तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस. तो मुंबईत वर्षाहून जास्त काळ चालला. तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता. एका माणसानं पाहिला, त्यानं शेजारच्याला सांगितलं, त्यानं पाहुण्याला, असं करत करत माणसं येत राहिली. १९७५ च्या १५ ऑगस्टला लागलेला 'शोले' सुरुवातीला अनेक जाणकारांना फारसा रुचला नव्हता. पण पाहून आलेले लोक रस्त्यावर त्यातले संवाद म्हणू लागले आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला.

म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाच्या "जा, बघून ये" या शब्दांत केवढी ताकद आहे बघा! आणि ज्या शब्दात ताकद असते, तो जपून वापरावा लागतो.

मेंढपाळ आजोबांचं मत

आता आपल्या घराजवळचं उदाहरण. आमच्या कर्जतला लागून श्रीगोंदा तालुका आहे. तिथले भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा' नावाचा चित्रपट काढला. पैसे उभे करायला त्यांनी आपली जमीन विकली होती. ख्वाडा म्हणजे अडथळा. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या एका धनगर कुटुंबाची ती कथा आहे. २०१५ मध्ये तो थिएटरात आला, पण त्याआधीच त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता. जागेवरच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठीही महावीर सब्बनवाल यांना पुरस्कार मिळाला.

पुरस्काराबिरस्काराचं काहीच ठाऊक नसलेल्या एका मेंढपाळ आजोबांनी हा पिक्चर पाहिला. मी विचारलं, "आबा, कसा वाटला?"

ते म्हणाले, "गुर्जी, बाकी आपल्याला कळत न्हाई. पर मेंढरं खरी व्हती आन् त्यांचा आवाज बी खरा व्हता. उगं कुठनं तरी आणून चिकटवल्याला न्हवता."

मी चाटच पडलो. दिल्लीच्या परीक्षकांनी ज्याला पुरस्कार दिला, नेमकं तेच या आजोबांच्या कानांनी ओळखलं होतं! कसं? कारण ते आयुष्यभर तो आवाज ऐकत आले होते. मित्रांनो, ध्यानात घ्या. चांगलं मत द्यायला फार शिकलेलं असावं लागतं असं नाही. आपल्याला जे नीट माहीत आहे, त्याच्याशी पडद्यावरचं ताडून बघावं लागतं. सुताराच्या पोरानं पडद्यावरचा रंधा कसा धरलाय ते बघावं, शेतकऱ्याच्या पोरीनं भांगलण बघावी. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट पळताना पाहिलेल्या मुलाला पडद्यावरचं खोटं हरीण लगेच ओळखू येईल.

तेवीस चिठ्ठ्या

आता माझ्या वर्गाची गोष्ट. एका शनिवारी शाळेच्या टीव्हीवर आम्ही 'नाळ' पाहिला. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा हा चित्रपट २०१८ मध्ये आला. त्यात चैत्या नावाचा खोडकर, गोड मुलगा आहे. आपण जिला आई म्हणतो तिनं आपल्याला जन्म दिलेला नाही, आपली जन्मदाती आई दुसरीच आहे, हे त्याला एक दिवस कळतं. मग त्याच्या इवल्याशा डोक्यात काय काय चालू होतं, ते त्यात दाखवलंय. शेवट मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांची मजा घालवायचा मला हक्क नाही. चैत्या झालेल्या श्रीनिवास पोकळेला त्यासाठी उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

पिक्चर संपल्यावर मी सगळ्यांना एकेक कागद दिला आणि फळ्यावर लिहिलं, 'पिक्चर कसा वाटला? का?' नाव लिहायचं, अक्षर कसंही चालेल, पण शेजारच्याचं बघायचं नाही.

तेवीस मुलं, तेवीस चिठ्ठ्या. सतरा जणांनी 'छान होता', 'लय भारी होता', 'खूप छान व सुंदर होता' असं लिहिलं होतं. पाच जणांनी कारण दिलं होतं. कुणाला नदी आवडली, कुणाला गाणं, कुणाला चैत्याची आजी. एका मुलीनं लिहिलं, 'चैत्या गप बसतो तेव्हा पण तो काय बोलतो ते कळतं.' या वाक्यावर मी खूश झालो.

तेविसावी चिठ्ठी मात्र वेगळी होती. 'पिक्चर आवडला नाही.' बस, एवढंच. खाली मोठी रिकामी जागा.

मी काय करावं? लाल पेन घेतलं आणि मास्तरकीच्या सवयीनं खाली लिहिलं, 'कारण स्पष्ट करा.' एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी ती चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली. मुलं हसली. "त्याला पिक्चर कळलाच नाय, सर!" मागून कुणीतरी ओरडलं. तो मुलगा खाली मान घालून कंपासपेटी उघडत-मिटत राहिला.

सोमवारी त्यानं तीच चिठ्ठी माझ्या टेबलावर आणून ठेवली. माझ्या लाल शब्दांखाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं :

'चैत्याला दोन आई आहेत. तरी तो रुसतो. मला एकच आहे. ती पण कारखान्यावर आहे.'

त्या मुलाचे आईवडील ऊसतोडणीला जातात. दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये संसार भरायचा, कारखान्याच्या हद्दीत कोपी घालून राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. पोरगा तोवर आजीकडं. आमच्या भागात अशी बरीच घरं आहेत. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. हजेरीपटाच्या बाजूला माझ्याच अक्षरात त्याची नोंद होती. पण पिक्चर बघताना तो पडद्याच्या कुठल्या बाजूला बसलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्ही बाकीचे समोर बसलो होतो आणि तो मागं. त्याला सगळं उलटं दिसत होतं, आणि तेही तितकंच खरं होतं.

मी त्याला जवळ घेऊन विचारलं, "हे वर्गात सांगू का?" तो म्हणाला, "मीच सांगतो."

त्यानं सांगितलं. वर्ग चिडीचूप झाला. आणि मग जी चर्चा झाली, तशी मी कुठल्या पुस्तकातही वाचली नव्हती. 'गप बसतो तेव्हा' लिहिणारी मुलगी उठली आणि म्हणाली, "पण चैत्याला आधी ठाऊकच नव्हतं ना, म्हणून तो रुसतो. मला तर पिक्चर आवडला." तो म्हणाला, "तुझी आई घरी हाय." ती म्हणाली, "ते खरंय." आणि थोडा वेळ विचार करून म्हणाली, "तरी पण मला आवडला." दोघंही आपापल्या जागी ठाम होते, पण कुणी कुणाला हसलं नाही. शनिवारी ओरडणारा मुलगा मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली शेंगाची चटणी घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसला.

मी त्याची माफी मागितली. मास्तरांनी माफी मागितली, की मुलांना फार अवघडल्यासारखं होतं. तो म्हणाला, "असू द्या सर."

तुमच्याएवढीच मुलं

जाता जाता एक गोष्ट सांगतो. पडद्यावर कामं करणारी मुलंही काही आभाळातून पडलेली नसतात. आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' काढला, तेव्हा जब्याच्या भूमिकेसाठी त्यांना हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे सापडला. त्याला त्या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'मधली रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळेत शिकत होती.

२०२३ मध्ये आलेल्या 'नाळ भाग २' ला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात काम करणाऱ्या श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि इवल्याशा त्रिशा ठोसर या तिघांनाही बालकलाकार म्हणून गौरवलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून पुरस्कार घ्यायला त्रिशा चक्क साडी नेसून गेली होती! त्याच वर्षीच्या पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'श्यामची आई', सुजय डहाके यांनी नव्यानं केलेला. याच नावाचा आचार्य अत्रे यांचा जुना चित्रपट १९५३ चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं होतं. दोन्ही पाहा आणि घरात आजी-आजोबांना विचारा, "जुना बरा की नवा?" मग बघा, कशी मैफल रंगते ती!

मत देण्याआधी

आमच्या वर्गानं त्यानंतर स्वतःचे काही नियम केले. फळ्याशेजारी ते चिकटवलेत. तुम्हालाही उपयोगी पडतील.

१. पाहिलेल्याच पिक्चरबद्दल बोलायचं. ऐकलेलं असेल तर 'मी ऐकलंय' असं आधी सांगायचं.

२. 'छान' आणि 'बेकार' हे शब्द चालतील, पण त्यांच्या मागं 'कारण' हा शब्द आलाच पाहिजे.

३. एक तरी प्रसंग असा सांगायचा, की तो आपल्या डोळ्यांसमोर अजून आहे.

४. शेवट सांगायचा नाही. सांगितल्यास वर्ग झाडायचा!

५. दुसऱ्याला वेगळं वाटलं तर हसायचं नाही. 'तुला तसं का वाटलं?' असं विचारायचं.

६. पिक्चर सुरू होण्याआधी दिसणारं प्रमाणपत्र वाचायचं. 'यू' म्हणजे सर्वांसाठी. 'यूए'पुढं आता ७, १३ किंवा १६ असा आकडा असतो. आपलं वय त्याहून कमी असेल, तर आधी आईवडिलांना विचारायचं. 'ए' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. तिथं आपलं काम नाही.

पाचवा नियम कुणी सुचवला असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

दुसरी चिठ्ठी

उन्हाळा लागला. ट्रक परत आले. एप्रिलमध्ये एका सकाळी तो मुलगा आईचं बोट धरून शाळेत आला. आई दारातच थांबली. उसाच्या पाचटानं हातांवर बारीक चिरे पडले होते.

"गुरुजी, ह्यो म्हणतोय साळंत पिक्चर दावत्यात. मला बी घिऊन आलाय."

परीक्षा झाल्या होत्या. मी 'नाळ' पुन्हा लावला. आई खुर्चीवर बसायला तयार होईना. ती सतरंजीवर मुलाला टेकून बसली. पिक्चर संपला तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं प्रश्न गेलाच, "ताई, कसा वाटला?"

ती जरा लाजली. पदर सावरत म्हणाली, "त्यातली आई पोराला सारख्या हाका मारतीया ना, ते ऐकून बरं वाटलं बघा. हाक मारायला पोरगं म्होरं पायजे."

मुलानं न मागता कागद मागून घेतला. पेन्सिलीनं बराच वेळ लिहीत बसला आणि घडी करून माझ्या हातात देऊन आईमागं पळाला. त्यात लिहिलं होतं :

'आता पिक्चर आवडला. कारण आई शेजारी होती. पण तेव्हा आवडला नव्हता ते पण खरं आहे.'

दोन्ही चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. पहिलीवरचं लाल पेनातलं वाक्य तेवढं मी खोडून टाकलंय.

तर मुलांनो, या रविवारी पिक्चर पाहाल तेव्हा सोबत जे असतील, त्या आईला, आजोबांना, धाकट्या बहिणीला नक्की विचारा, "कसा वाटला?" आणि उत्तर आलं, की लगेच वाद घालू नका. आधी बघा, ते पडद्याच्या कुठल्या बाजूला बसले होते!